स्थिर तापमान आणि उंटाचा अपवाद
उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे शरीर सदैव एकाच तापमानावर राहते, हे नेहमी केले जाणारे विधान ढोबळमानाने खरे असले तरी उंटाला ते लागू पडत नाही. तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे सुमारे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी ते ४० अंशांच्या वर जाईपर्यंत तो फारसा घाम गाळत नाही. दिवसभर साठलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत निघून जाते आणि ५०० किलोच्या जनावराचे त्यामुळे जवळपास ५ लिटर पाणी वाचते. प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नुट श्मिट-नील्सेन यांनी १९५०च्या दशकात सहारात केलेल्या मोजमापांतून हे उघड झाले. पुरेसे पाणी मिळाले की हाच चढउतार सुमारे २ अंशांवर येतो, म्हणजे (मला तरी हेच विशेष वाटते) हा नियंत्रणाचा अभाव नसून नियंत्रणाचाच एक प्रकार आहे. आपली म्हैस मात्र, घर्मग्रंथी कमी आणि कातडी काळी असल्याने, सरळ डबक्यात जाऊन बसते.