बॉटले ॲडमिन कोणी केलं बे?

वाद सुरू केला प्रशांतनं. आमच्या नागपूरच्या सायकलवाल्यांचा एक टेलिग्राम ग्रुप आहे. रविवारी पहाटे गोरेवाडा, अंगात जोर असला तर रामटेक-खिंडसी. गोकुळपेठेतल्या ठेल्यावर चहा येईपर्यंत प्रशांत ग्रुपची यादी वरखाली करत होता, आणि एकदम थांबला. माणसांच्या यादीत एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बसला होता.

"अबे बंटी, हा बॉट कोणाचा आहे? अन् याले ॲडमिन कोणी केलं?"

"मीच केलं. काऊन?"

"म्हणजे आपलं सगळं वाचून राहिला तो?"

"वाचू दे ना बे. काय आहे आपल्या ग्रुपात? पंक्चर, पोहे अन् गुड मॉर्निंग."

ज्योती मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तिनं हेल्मेट बाकावर ठेवलं. "फक्त पंक्चर-पोहे नाही, बंटी. कोण किती वाजता घरून निघते, कोणत्या रस्त्यानं जाते, लाइव्ह लोकेशन, ब्लड ग्रुप, घरच्यांचे नंबर. रामटेकच्या राइडच्या वेळी तूच मागवलं होतं सगळ्यांकडून."

यावर बंटी जे बोलला ते खोटं नव्हतं. ग्रुपची लिंक उघडी आहे, त्यामुळे क्रिप्टोवाले आणि 'घरबसल्या कमवा'वाले सारखे घुसायचे. बॉट आल्यापासून ते बंद झालं. आणि टेलिग्रामवर साधा सदस्य म्हणून घेतलेला बॉट मुळात सगळं वाचतच नाही. त्याला उद्देशून दिलेल्या कमांड, त्याच्या मेसेजला दिलेली उत्तरं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. बनवणाऱ्यानं ही आड काढून टाकली असेल, किंवा आपण बॉटला ॲडमिन केलं असेल, तर मात्र प्रत्येक मेसेज त्याच्याकडे जातो. आता दुसऱ्याचा मेसेज उडवायचा तर ॲडमिन करावंच लागतं. म्हणजे झाडू मारायला ठेवलेल्यानं आधी सगळं वाचायचं, हे त्या कामातच आलं.

"मग? कचरा हवा आहे का तुम्हाले?" बंटी.

"कचरा नको. पण बॉट कोणी बनवला, तो मेसेज कुठं साठवते, हे तुले तरी माहीत आहे का?"

बंटीनं भावाकडून खर्रा घेतला आणि उत्तर टाळलं. तोंडात खर्रा असला की माणसाला दहा मिनिटांची मुदत मिळते, हे नागपुरात सगळ्यांना मान्य आहे.

मुदत संपल्यावर त्यानं दुसराच मोर्चा उघडला. "असं पाहा, माझ्या अकाउंटची काळजी मी घेतो. दर दोन-तीन महिन्यांनी पासवर्ड बदलतो. विषय संपला."

ज्योती हसली. खरी गंमत इथंच होती. पूर्वी, 2007 च्या सुमाराला, एखादी वेबसाइट बेधडक म्हणायची, 'तुमचे मित्र शोधून देतो, ईमेलचा पासवर्ड द्या.' आणि लोक देत. हा प्रकार थांबावा म्हणून त्याच वर्षी ओऑथ नावाची पद्धत आली. तिची दुसरी आवृत्ती 2012 ची, आज तीच जिकडेतिकडे आहे. यात ॲपला पासवर्ड मिळतच नाही, वेगळं टोकन, म्हणजे एक डिजिटल परवाना, मिळतं. 'अमुक ॲप तुमचं नाव, ईमेल पाहू इच्छिते, परवानगी द्या' असा पडदा येतो आणि आपण न वाचता दाबतो, तेव्हा हे टोकन दिलं जातं.

"मग ज्याच्याजवळ तुझा पासवर्ड कधी नव्हताच, त्याले तू पासवर्ड बदलून कसा बाहेर काढशील?" ती म्हणाली. काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यावर काही परवानग्या जातातही, पण त्या भरवशावर बसू नये.

वकीलसाहेब इतका वेळ पेपरात होते. ते म्हणाले, "हे मुखत्यारपत्रासारखं झालं. तुम्ही सही बदलली म्हणून जुनं मुखत्यारपत्र रद्द होत नाही. ते स्वतंत्रपणे रद्द करावं लागतं."

प्रशांतनं बंटीचा फोन जवळजवळ हिसकावलाच. टेलिग्रामच्या प्रायव्हसीच्या पानावर, जिथं टेलिग्रामनं लॉगिन केलं त्या वेबसाइटींची यादी असते. मग डिस्कॉर्ड हे चॅटचं ॲप, कारण बंटी गेमिंगवाला. तिथं सेटिंगमध्ये 'ऑथराइज्ड ॲप्स' नावाचं पान आहे. ते बंटीनं आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. यादी खाली सरकतच होती. कुठल्या तरी स्पर्धेचं ॲप, प्रोफाइलला फ्रेम लावून देणारं ॲप, फुकट स्किनवालं ॲप. एकाकडे तर त्याच्या वतीनं कुठल्याही सर्व्हरमध्ये, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या ग्रुपात, त्याला सामील करून घ्यायची परवानगी होती.

"म्हणून ते रशियन सर्व्हर!" बंटी ओरडला. "मी म्हणो, आपण कधी गेलो तिथं?"

रद्द करायला एका ॲपमागे दोन टिचक्या. पण रद्द केल्यानं पुढचा रस्ता बंद होतो. आधी जे उचलून नेलं ते त्यांच्याकडेच राहतं. ते पुसायचं तर त्या ॲपवाल्यालाच सांगावं लागतं. आणि डिस्कॉर्डच्या सर्व्हरमध्ये बसवलेला बॉट आपल्या यादीतून जात नाही, तो सर्व्हरच्या सेटिंगमधून काढायचा. फोनवरून ॲप उडवलं तर यातलं काहीच होत नाही.

बंटी थोडा नरमला, पण मूळ मुद्दा सोडायला तयार नव्हता. "ठीक आहे, चुकलो. पण माझं अकाउंट, माझी मर्जी. तुमच्या बापाचं काय गेलं?"

मला विचाराल तर बंटी अडकला तो या वाक्यात. पासवर्डच्या गैरसमजाचं एवढं काही नाही. चॅट कधी एकट्याची नसते. आपण ॲपला आपलं पान उघडून देतो, तेव्हा पलीकडे बोलणाऱ्याचं पानही उघडतं, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे एका प्रश्नमंजुषेच्या ॲपमधून फेसबुकवाल्यांची माहिती गेल्याचं प्रकरण 2018 मध्ये बाहेर आलं तेव्हा फेसबुकनं स्वतः आकडे दिले होते: भारतात ते प्रश्नमंजुषेचं ॲप 335 लोकांनी घेतलं, आणि माहिती गेलेली असू शकते अशांची संख्या 5,62,455. बाकीचे साडेपाच लाखांवर लोक फक्त कोणाचे तरी मित्र होते. जगभराचा आकडा 8.7 कोटींपर्यंत.

हे मी सांगितलं तर गुड्डू, जो तोवर फक्त पोह्यांवर तर्री ओतून घेत होता, एकदम गंभीर झाला. त्याचं इतवारीत साड्यांचं दुकान आहे. टेलिग्रामच्या बिझनेस खात्याला त्यानं एक चॅटबॉट जोडलाय; ही सोय 2024 मध्ये आली. रात्री अकराला कोणी भाव विचारला तरी उत्तर जातं.

"म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांचं पण तो वाचते?"

"तू ज्या चॅट त्याले दिल्या, त्या वाचते."

"मी तर सगळ्याच दिल्या असतील. त्यात सासऱ्याची पण आहे."

पाच मिनिटं सगळे गुड्डूच्या सासऱ्यावर घसरले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. कोणत्या चॅट बॉटला द्यायच्या ते निवडता येतं. गुड्डूनं तिथंच सासरे आणि बायको बाहेर काढले.

प्रशांतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बर्डीवर आहे, त्यामुळे त्याच्याकडे किस्से भरपूर. त्याच्या मते ही बॉट-टोकनची भाषा दूरची. लोक बुडतात ते झेरॉक्सच्या दुकानात. आधार कार्डची प्रिंट हवी म्हणून तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतात, प्रिंट घेतात, चालू लागतात. फोन बंद असला तरी ते तिकडं चालू राहतं. "चार डिव्हाइस जोडता येतात ना? माझ्याकडे माणसं येतात, त्यांच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये कधी कधी चारही भरलेली. विचारलं तर म्हणतात, हे विंडोजवालं कोणतं बावा?"

बंटीनं शेवटचा आधार शोधला. "वकीलसाहेब, कायद्यात काही नाही का?"

"आहे. 2023 चा डेटा संरक्षण कायदा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणं सोपं हवं, असं त्यात आहे. नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले, पण संमतीची कलमं लागू व्हायला अठरा महिने दिलेत. आणि कोणी व्यक्ती खाजगी, घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल तर तिला हा कायदा लागत नाही. त्यामुळे ज्योतीबाई तुम्हाला कोर्टात खेचणार नाहीत."

"बाई कशाला म्हणता, वकीलसाहेब," ज्योती म्हणाली. "अन् कोर्ट राहू द्या. ग्रुपात विचारा सगळ्यांना."

बॉट ठेवायला माझी हरकत नाही. पण ग्रुपच्या माथ्यावर पिन करून सांगावं: हा बॉट सगळे मेसेज वाचतो, अमक्यानं बनवलाय, नंबर आणि पत्ते इथं टाकू नका. हे मी म्हटलं. प्रशांतला तेही पटलं नाही. त्याच्या मते पिन केलेलं कोणी वाचत नाही. बंटीनं चिडून तिथंच बॉटचं ॲडमिनपद काढलं आणि "आता तुम्हीच मारा झाडू" म्हणून गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत ग्रुपात तीन क्रिप्टोवाले आणि एक लॉटरीवाला. बंटीनं चौघांचा स्क्रीनशॉट टाकून प्रशांतला टॅग केलं. प्रशांत ते मेसेज एकेक करून उडवतोय, आणि ज्योतीनं नवीन सदस्याला आधी मंजुरी लागेल अशी लिंक बनवून ठेवली आहे. ती मंजुरी रोज कोणी द्यायची, यावर या रविवारी भांडण आहे.