कुशल माणसं मिळत नाहीत, हे कसं म्हणावं?

शेड उभी राहिली, कर्ज मंजूर झालं, गेटवर पितळी पाटी लागली, तरी एक गोष्ट जमेपर्यंत तुम्हाला कोणी उद्योजक म्हणणार नाही. परिसंवादाच्या मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात धरून, मान किंचित हलवत म्हणता आलं पाहिजे, "काय सांगू साहेब, माणसंच मिळत नाहीत. कुशल माणसंच राहिली नाहीत." वाक्य सोपं वाटतं, पण त्याला रियाज लागतो. समोरच्याने "मग तुम्ही किती जणांना शिकवलंत?" असं विचारलं आणि तुम्ही अडखळलात, की सगळं मुसळ केरात. मी जन्मभर कारखान्यात जोडारी, म्हणजे फिटर म्हणून घासलो, अशी वाक्यं तयार होताना जवळून पाहिली, म्हणून हक्काने चार शब्द सांगतो.

सुरुवात कायद्यापासून करा. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. तुमच्याकडे तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील, तर त्यांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घाबरू नका, कायदा सोयीने वाचायचा असतो. थेट कलम १८ उघडा. अप्रेंटिस हा शिकणारा, कामगार नव्हे, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. व्वा! इथेच पुस्तक मिटा. चुकून मागची पानं उलटलीत तर कलम ११ लागेल, त्यात शिकवायला लायक माणूस नेमा असं लिहिलंय. कलम १४ लागेल, त्यात कारखान्यातल्या आरोग्य-सुरक्षेच्या तरतुदी या पोरांनाही लागू केल्यात. कलम १६ मध्ये इजा झाली तर भरपाई तुमच्या माथी. महत्त्वाचं कलम इतकं मागे ठेवलं, ही कायदा लिहिणाऱ्यांची चूक. त्याची शिक्षा तुम्ही का भोगावी?

पैशाचं म्हणाल तर सरकार उदार आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला दीड हजारांपर्यंत, केंद्र उचलतं. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास असेल तर सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा, आणि हे सगळं सरकारच्या खिशातून. मुदत आधी सहा महिने होती, मग अकरा झाली. मधल्या काळात नीम नावाचीही एक प्रशिक्षण योजना होती, २०१३ ची. पुढे ती बंद पडली. नाव कडुनिंबाचं, पण चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ती किती जणांना गोड लागली होती म्हणून सांगू! मुदती संपतात, योजना बदलतात, पोरं बदलतात. लाइन तेवढी थांबत नाही.

आता प्रत्यक्ष पोरगा. जोडारी ट्रेडची दोन वर्षं काढून तो तुमच्या गेटवर येतो. आयटीआयमध्ये कानशीने घासायला देतात त्या लोखंडाच्या तुकड्याला 'जॉब' म्हणतात, त्यामुळे या पोराला पहिल्याच आठवड्यात जॉब मिळालेला असतो. पुढे कधी मिळेल याची खात्री नसल्यामुळे सरकारने ही सोय आधीच करून ठेवली असावी. तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, आधी भरड कानस, मग बारीक, मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडे धरायचा. धातू आणि गुण्या यांच्या फटीतून केसाएवढा उजेड दिसला तरी निदेशक सर काही न बोलता तुकडा परत देतात. मी असे तुकडे इतके घासलेत की अजूनही खिडकीची चौकट बघितली की डोळा फटीकडे जातो. तर हा पोरगा तळहाताला घट्टे घेऊन येतो. हे घट्टे लवकरात लवकर मऊ करणं हे तुमचं काम.

त्याला सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर उभा करा. पार्ट लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, दार उघडायचं, पार्ट काढायचा. एका पाळीत किती पार्ट, ते फळ्यावर लिहा. तीन-चार दिवसांनी तो विचारेल, "सर, टूल घासल्यावर ऑफसेट कसा टाकायचा?" सावध! टूल झिजलं की तेवढं माप मशीनला दुरुस्त करून सांगायचं, तो ऑफसेट. हा प्रश्न दिसतो साधा, पण याचं उत्तर मिळालेला पोरगा वर्षभरात सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, होतो, आणि सेटर झालेला पोरगा पगार मागतो. म्हणून प्रोग्रामच्या लॉकची किल्ली सेटरच्या खिशात आणि सेटर तुमच्या खिशात असावा. पोराला म्हणा, "आधी हे नीट कर, मग बघू." हे 'मग बघू' बारा महिने टिकतं. मी स्वतः पाहिलंय.

पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेसवर टाकणार असाल तर एक बारीकशी गोष्ट. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. हात प्रेसखाली राहू नयेत एवढ्यासाठीच ती आहेत. पण दोन हात बटणावर अडकले तर पार्ट कोण उचलणार? त्यामुळे एका कारखान्यात एक बटण तारेने बांधून ठेवलेलं मी पाहिलंय. तार छान पिळलेली होती, जोडाऱ्याच्याच हातची. शेजारच्या भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' हा फलक होता, आणि त्याखाली एक पोरगा डाव्या हाताला पांढरी पट्टी बांधून हजेरी घेत बसला होता. त्याला हलकं काम दिलं होतं. माणुसकी जपावी.

खरा धोका तिसराच, प्रत्येक शेडमध्ये असतो तो एखादा काका. अठ्ठावन्नच्या आसपासचा, जुन्या मशीनवर तंबाखू मळत उभा. पोरगा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्याकडे जातो. काका स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि पोराला म्हणतो, "ऐक. हा खर्रर्र आवाज आला ना, की समज बेअरिंगचे आठ दिवस उरले." मग पोराच्या कानाला लावतो. या प्रकाराची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही, त्यामुळे तो थांबवणं अवघड जातं. उपाय म्हणजे दोघांच्या सुट्टीच्या वेळा वेगळ्या ठेवा. आणि काकाला मासिक उत्पादनाचं इतकं टार्गेट द्या की त्याला शिकवायला फुरसतच राहू नये. शिकवलेल्या तासांचे पार्ट मोजता येत नाहीत, आणि मोजता येत नाही त्याला किंमत नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भाषणात इतिहास असावा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, हे जरूर सांगा. टाळ्या पडतात. शाळा अर्धवट सोडलेल्यांना आणि खेड्यातल्या माणसांना हाताशी धरून त्यांनी कारागीर घडवले, हे सांगताना आवाज थोडा घोगरा करा. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, पुण्यात गाड्यांच्या आधी प्रशिक्षण विभाग उभा केला, हेही चालेल. टेल्कोचा अप्रेंटिस म्हटल्यावर पूर्वी मुलीचे वडील पत्रिका बघायचे नाहीत. फक्त त्यानंतर लगेच "पण आताचा काळ वेगळा आहे" असं म्हणा. नाहीतर श्रोत्यांतला एखादा तुमच्या शेडमधला प्रशिक्षण विभाग बघायला मागेल, आणि तिथे सध्या भंगार ठेवलंय.

जर्मनीचा उल्लेख मात्र जपून करा. २०२४ मध्ये महाराष्ट्राने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, आपली कुशल पोरं तिकडे पाठवायची. तुम्ही म्हणा, "बघा, आपली पोरं पळवतात." तिथली पोरं आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत अशी तीन-साडेतीन वर्षं शिकतात, इथपर्यंत ठीक. पण कारखान्यात शिकवणाऱ्यालाही तिथे परीक्षा द्यावी लागते, हे बोलू नका. तुमच्या सुपरवायझरच्या कानावर गेलं तर बिचारा रजा टाकेल.

आयटीआयला नावं ठेवणं सगळ्यात सोपं. अभ्यासक्रम जुना, मशीन जुनी. तिथले कितीतरी निदेशक तासिका तत्त्वावर राबतात, ही गोष्ट अलगद गाळा. फार वाटलं तर तुमच्याकडचं बंद पडलेलं लेथ संस्थेला भेट द्या, हार घालून, फोटोसकट. चक फिरत नसेल तर फोटो डावीकडून काढा. आणि कोणी विचारलंच, "तुमचा मुलगा आयटीआयला का नाही?" तर हसून म्हणा, "त्याचा कल वेगळा आहे." मॅनेजमेंट कोट्यातून अभियंता होऊन तो थेट डायरेक्टर म्हणून येईल. त्याचीही अप्रेंटिसशिपच असेल, फक्त केबिनमध्ये आणि बिनमुदतीची.

राहता राहिला काकाचा निरोप समारंभ. तो शनिवारी ठेवा, लाइन बंद असते. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. "तुमच्यासारखी माणसं आता होणे नाही" हे तुम्ही म्हणालच, आणि या एका वाक्यापुरतं तुमचं बोलणं शंभर टक्के खरं असेल. सोमवारी सकाळी दुसऱ्या पाळीच्या आधी जुन्या मशीनमधून खर्रर्र आवाज येईल. सगळे गोळा होतील, कोणी ग्रीस मारेल, कोणी व्हिडिओ काढून कंपनीला पाठवेल. मग तुम्ही म्हणाल, "अरे, काकांना फोन लावा." नंबर कोणाकडेच नसेल. हजेरीपटावरून नाव शनिवारीच कमी केलेलं. मग कोणालातरी आठवेल की नंबर त्या अप्रेंटिस पोराकडे होता. त्याचे बारा महिनेही शनिवारीच भरले.