"पक्षी काय, उडून दुसरीकडे जातात" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पुण्यातल्या बाणेर-पाषाणच्या नव्या बिल्डिंग स्कीम्सवरून मी उगाच ओरडतेय, लोकांना घरं लागतात, मी स्वतःही फ्लॅटमध्येच राहते, तोडलेल्या झाडाच्या बदल्यात बिल्डर कितीतरी झाडं लावतो, आणि पक्षी काय, उडून दुसरीकडे जातात.

फ्लॅटचं खरंय. आमच्या बिल्डिंगच्या जागी शेत होतं, बांधावर आंबे आणि बाभळी होत्या. घरं बांधू नका असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

पण "उडून जातात" हे मला अजिबात पटत नाही. राखी धनेश घ्या. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, कित्येक आठवडे नर तिला तिथूनच भरवतो, आणि त्या काळात आत तिची उडायची पिसं झडलेली असतात. म्हणजे तिला उडताच येत नाही हो! आणि पावसाच्या आधी साइट मोकळी करायची म्हणून करवत चालते ती नेमकी याच दिवसांत. आमच्या मागच्या प्लॉटवरचा उंबर मे महिन्यात पाडला. नंतर दोन दिवस नर शेजारच्या सुबाभळीवर येऊन बसायचा, घशातलं फळ वर काढून चोचीच्या टोकाला धरायचा, इकडेतिकडे बघायचा, परत गिळायचा. मी गॅलरीतून बघत होते, अजून डोळ्यांसमोरून जात नाही ते.

आता बदल्यातली झाडं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राचा शहरी झाडांचा कायदा सांगतो की झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावा, म्हणजे ६० वर्षांच्या उंबराला ६० रोपं. चांगलंच आहे, पण ढोली रोपात नसते ना, फांदी मोडते, कुजते, वर्षानुवर्षं जातात तेव्हा ती होते. तांबट पक्षीसुद्धा वाळकी फांदी बघूनच घरटं कोरतो आणि सोसायटीत आधी तीच छाटतात. आणि बहुतेक गेटच्या आत लावतात काय, तर बॉटल पाम आणि लॉन. तुमच्याकडे पक्षी वाढलेत म्हणता ती बहुतेक कबुतरं असणार, तो मुळात कड्याकपारीतला पक्षी, त्याला आपले डक्ट म्हणजे कडाच.

माझं मागणं एवढंच आहे की प्लॅन काढतानाच जुनी झाडं मोजा. आमच्याच रस्त्यावर एका स्कीमनं पार्किंगचा रॅम्प सरकवून वड ठेवलाय, फ्लॅट एकही कमी झाला नाही, आणि त्या वडावर आजही सकाळी हळद्या ओरडतो. ५० वर्षांवरची झाडं त्याच दुरुस्तीत हेरिटेज धरलीत, त्यामुळे हरकत घ्यायला आधारही आहे. झाडाच्या खोडावर महापालिकेची नोटीस चिकटवलेली दिसली की फोटो काढून मला पाठवा, हरकतीचा अर्ज मी लिहून देते, सही तेवढी तुमची लागेल.