हॉलो नाइट नशिबानं नाही घडला
‘हॉलो नाइट’ या व्हिडिओ गेमवरच्या लेखात तो बनवणाऱ्या टीम चेरीच्या यशाला ‘नशीब’ म्हटलंय, ते पटत नाही. ॲडलेडच्या या छोट्या स्टुडिओनं २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या साइटवर ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले, ५७,००० हून जास्त मिळाले; गेम आला २०१७ मध्ये. माणसं मोजकी, इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) युनिटी, चित्रं हातानं काढलेली टूडी, म्हणूनच कमी खर्चात जमलं. गेम बनवू पाहणाऱ्या रत्नागिरी-मालवणच्या पोरांनो, सुरुवातीलाच थ्रीडीच्या नादी लागू नका! पावसात सेव्ह होताना लाइट गेली की गेमच्या सीनची फाइल खराब होऊ शकते. यूपीएस घ्या, रोज गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करा आणि पुश करा, म्हणजे ती गिटहबसारख्या साइटवर चढवा. गिटहब १०० एमबीवरची फाइल घेत नाही, तेव्हा एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची गिटची सोय) पहिल्या दिवशीच लावा, नंतर जुने कमिट साफ करणं फार जिकिरीचं. स्टीम या गेम विकायच्या ऑनलाइन दुकानाचे १०० डॉलर शुल्क भरल्यावर रिलीजसाठी ३० दिवस थांबावं लागतं. गणपतीत रिलीज हवं असेल तर पैसे आषाढातच भरा.