हिटलरला अंगरक्षकांनी नाही, धुक्याने वाचवलं

काल भाच्याचा मेसेज, "मावशी, हे शाळेच्या भाषणात घेऊ का?" खाली तोच फॉरवर्ड, जो आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर फिरतोय. हिटलरच्या सुरक्षेत मुंगीसुद्धा शिरू शकत नव्हती, त्याला दैवी कवच होतं, तो मेल्यावर सगळ्या अंगरक्षकांनी निष्ठेने जीव दिला. नववीतलं पोरगं हे स्टेजवर बोलणार म्हटल्यावर मला राहवेना.

मुंगीचं सोडा, आख्खा माणूस शिरला होता आणि तोही तीसहून जास्त वेळा! म्युनिकच्या ज्या बिअर हॉलमध्ये हिटलर दरवर्षी 8 नोव्हेंबरला भाषण द्यायचा तिथे 1939 मध्ये गेऑर्ग एल्झर नावाचा सुतार संध्याकाळी जेवायला जायचा, हॉल बंद व्हायच्या आत वर लपायचा आणि रात्रभर टॉर्चला निळा रुमाल बांधून व्यासपीठामागचा खांब पोखरायचा, गुडघ्यांवर बसून बसून गुडघे सुजले त्याचे. हे मी मनाचं सांगत नाहीये, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याची चौकशी केली त्याचे कागद आहेत, म्हणजे नाझींच्याच हातचा पुरावा. आणि हॉल सांभाळायचा कुणी, पोलिसांनी की पक्षाच्या लोकांनी, या भांडणात हिटलरने स्वतःच पक्षाच्या बाजूने कौल दिला होता.

त्या खांबात त्याने ठेवलेला बॉम्ब 8 नोव्हेंबरला रात्री 9:20 ला फुटला, 8 माणसं गेली. हिटलर 9:07 ला बाहेर पडला होता, कारण धुक्यामुळे विमानाचा भरवसा नव्हता, रेल्वे गाठायची म्हणून भाषण लवकर आटोपलं. त्या 13 मिनिटांत अंगरक्षकांनी काय केलं, सांगा ना.

'दैवी कवच' वाचून तर डोकंच फिरलं. नियतीने मला वाचवलं हे हिटलर स्वतः म्हणायचा, 20 जुलै 1944 च्या स्फोटानंतर रेडिओवरसुद्धा. त्याचा प्रचार आपण आपल्या पोरांच्या तोंडी घालतोय, कळतंय का? त्या दिवशी श्टाउफेनबर्ग नावाचा जर्मन लष्करातलाच अधिकारी बॅगेत बॉम्ब घेऊन त्याच्या मुख्यालयात गेला, कुणी बॅग उघडून बघितली नाही. हिटलर वाचला तो टेबलाच्या जाड पायामुळे. हां, कार्यक्रम ऐनवेळी बदलायची सवय त्याने मुद्दाम ठेवली होती आणि तिचा त्याला फायदा झाला, एवढं मान्य. बॅगा तपासणं मात्र या स्फोटानंतर सुरू झालं.

जीव दिल्याचं म्हणाल तर काहींनी दिला, सगळ्यांनी नाही. सुरक्षाप्रमुख राटेनहुबर रशियनांच्या हाती सापडला आणि 1955 मध्ये सुटला, रोखुस मिश नावाचा अंगरक्षक तर 2013 पर्यंत जगला.

भाच्याला सांगितलं, भाषण करायचंच तर एल्झरवर कर. त्याला 9 एप्रिल 1945 ला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली, हिटलर मरायच्या तीनच आठवडे आधी.