हप्ता म्हणे भाडेकरू भरतो

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. तिघांपैकी एकानेही आजवर घर भाड्याने दिलेलं नाही, हे आपलं जाता जाता. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जागेच्या किमती कधीच पडत नाहीत, कारण जमीन नव्याने तयार होत नाही. वीस टक्के स्वतःचे घाला, बाकीचं कर्ज काढा, हप्ता भाडेकरू भरेल आणि वीस वर्षांनी घर फुकटात तुमचं. भाड्याने राहणारा पैसे पाण्यात घालतो. आणि विचार करत बसाल तर गाडी सुटेल.

पहिल्यांदाच गुंतवणूक म्हणून घर बघणाऱ्याला हे फार गोड लागतं. म्हणून एकेक दावा घेऊ.

किमती पडत नाहीत? जपानमध्ये १९९१ च्या सुमारास त्या शिखरावर होत्या, त्यानंतर दीड दशक उतरत गेल्या. आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ या काळात घरं निम्म्या भावावर आली. अमेरिकेत २००६ ते २०१२ दरम्यान देशभराची सरासरीच चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. किमती सावरतातही, पण तोवर तुमचा हप्ता थांबत नाही.

जमीन नव्याने होत नाही, हे खरं. पण तिच्यावर मजले चढतात, शहरं पसरतात, आणि ज्या गावातून कामधंदा उठतो तिथली मोजकीच जमीनही कुणी विचारत नाही. ॲमस्टरडॅममधला हेरेनग्राख्त हा कालवा घ्या. तिथली जागा मोजकी, आणि शतकानुशतकं श्रीमंतांच्या पसंतीची. पीट आइखहोल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या १६२८ ते १९७३ पर्यंतच्या खरेदी-विक्रीचा अभ्यास केला. महागाई वजा केल्यावर जवळपास साडेतीनशे वर्षांत किंमत वाढली सुमारे दुप्पट. वर्षाला ०.२ टक्के! एवढी वर्षं मालकांनी जे कमावलं असेल ते मुख्यतः भाड्यातून, किंवा स्वतः राहून वाचलेल्या भाड्यातून. (कुणी ‘पंधरा वर्षांत दुप्पट झाले’ म्हणून सांगू लागला, की मनातल्या मनात ७२ ला १५ ने भागावं; दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं, की वर्षाची वाढ साधारण कळते. वर्षाला ४.८ टक्के येतात. व्याज, कर, दुरुस्ती अजून वजा व्हायचीच असते.)

म्हणजे प्रश्न येऊन ठेपतो भाड्यावर, आणि मेसेजमधलं सर्वांत महागात पडणारं वाक्य तिथेच आहे: हप्ता भाडेकरू भरेल.

घराची किंमत १०० धरा. स्वतःचे २०, कर्ज ८०, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षभराचे हप्ते होतात ८.६४. वर्षाचं भाडं किमतीच्या ५ टक्के धरू, म्हणजे ५. एक भाडेकरू गेला, दुसरा यायला महिना लागला, की राहिले ४.५८. मालमत्ता कर, विमा, रंग, मध्येच फुटलेला पाइप यांत १ गेला तर हातात ३.५८. तूट पाचाच्या वर. चार वर्षांत खिशातून आणखी २० गेले, म्हणजे सुरुवातीला घातले होते तेवढेच पुन्हा. आणि पहिल्या वर्षी भरलेल्या ८.६४ पैकी मुद्दल फिटतं जेमतेम दीड. बाकी सगळं व्याज.

व्याज ६ टक्के धरलं तरी हप्ते ६.८८ होतात, तूट उरतेच. भाडं किमतीच्या १० टक्के येत असेल तर ९ टक्के व्याजालाही हिशेब जवळपास जुळतो. अशा जागा असतात, पण इतकं भाडं मिळत असताना ती इतक्या स्वस्तात का विकली जातेय, हे आधी विचारावं.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. भाडं वर्षागणिक वाढत गेलं आणि व्याजदर स्थिर राहिला, तर कधीतरी भाडं हप्त्याला गाठतं. पण तोवर तग धरायचा असतो. नवखा माणूस बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडकतो. रोकड संपते आणि चांगलं घरही पडेल भावाने काढावं लागतं. म्हणून माझा स्वतःचा नियम कडक आहे. खरेदीनंतर सहा महिन्यांचे हप्ते आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे उरत नसतील, तर ते घर आपल्याला परवडलेलं नाही.

‘फक्त वीस टक्के’ हेही दुधारी आहे. किंमत १० टक्के वाढली तर तुमचे २० चे ३० होतात, म्हणून लोक खूश. १० टक्के पडली तर १० उरतात, २० टक्के पडली तर शून्य. कर्ज मात्र जसंच्या तसं. शिवाय खरेदीला दलाली-शुल्काचे ६ आणि विक्रीला ३ टक्के गेले असं धरलं, तर किंमत १०९ च्या वर गेल्याशिवाय नुसती बरोबरीही होत नाही.

घर फुकटात मिळतं म्हणे. वरच्या उदाहरणात वीस वर्षांच्या हप्त्यांची बेरीज १७३ होते. भाडं पाण्यात जातं म्हणणाऱ्यांनी त्यातलं व्याजाचं ९३ कुठे जातं तेही सांगावं. स्वतःच्या राहण्याचं घर आणि गुंतवणुकीचं घर हे दोन वेगळे निर्णय आहेत. स्वतः भाड्याने राहून, हिशेब जुळतो अशा दुसऱ्या जागी घर घेणारा माणूस वेडा नसतो.

राहिली सुटणारी गाडी. घाई विकणाऱ्याच्या सोयीची असते. गेल्या दोन वर्षांचं भाडं प्रत्यक्ष बँकेत जमा झालेलं दाखवा, घर किती महिने रिकामं होतं ते सांगा, मालकीवर कुणाचा बोजा नाही ना ते वकिलाला बघू द्या, एवढं मागितल्यावर जो चिडतो त्याची गाडी सुटलेलीच बरी. घरी बसून आणखी एक आकडा काढावा: व्याज दोन टक्क्यांनी वाढलं तर? ९ चे ११ झाले की ८.६४ चे हप्ते ९.९१ होतात. भाडेकरू त्यासाठी भाडं वाढवून देत नाही.

मेसेज पाठवणाऱ्या तिघांनाही मी एवढंच विचारलं, की अशा एखाद्या घराचं भाडं आणि हप्ता दोन्ही सांगा. एकाने लिहिलं, ‘विचारून कळवतो.’ अजून कळवलेलं नाही.