अक्कलदाढ, डोळा आणि एक फिरता मेसेज

हा मेसेज बहुतेकांकडे एकदा तरी येऊन गेलेला असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "अक्कलदाढ कधीही काढू नका. तिची नस थेट डोळ्याला जोडलेली असते, नजर जाते. तिथे भूल नीट लागत नाही, जबडा फोडून दाढ काढतात. गाल बसतात. काढलीच तर लगेच मिठाच्या गरम पाण्याने जोरात गुळण्या करून साचलेले खराब रक्त थुंकून टाका. त्यापेक्षा अँटिबायोटिकचा एक कोर्स आणि लवंगेचे तेल पुरते."

यातले डोळ्याचे विधान सर्वांत भीतीदायक आहे आणि गुळण्यांचे सर्वांत घातक. पहिले वाचून माणूस दाढ काढायचे टाळतो. दुसरे पाळून काढलेली जागा बिघडवून घेतो.

"नस डोळ्याला जोडलेली असते"

पाहण्याची नस डोळ्याच्या पडद्यापासून निघते आणि मेंदूकडे जाते. वाटेत ती दातांना एकही फांदी देत नाही. दातांची वेदना नेणारी नस निराळी, तिचे नाव ट्रायजेमिनल. तिला तीन मोठ्या शाखा: एक कपाळ आणि डोळ्याच्या परिसराची, दुसरी वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या. वरची दाढ ठणकली की डोळ्यामागे दुखल्यासारखे वाटते ते यामुळे. एका फांदीचा ठणका दुसरीवर भासतो. पण ही नस डोळ्याकडून स्पर्श आणि वेदना नेते, दृश्य नव्हे. इंजेक्शननंतर क्वचित एखाद्याला काही वेळ दोन-दोन दिसते किंवा पापणी जड होते. हा भुलीच्या औषधाचा परिणाम, आणि तो सहसा भुलीबरोबरच उतरतो. भूल उतरल्यावरही राहिला तर त्याच दिवशी दाखवावे.

मेसेज लिहिणाऱ्याला नसेचीच भीती घालायची होती, तर खरी नस हाताशी होती. खालच्या जबड्याच्या हाडात एक नळी असते आणि तिच्यातून खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. काहींच्या अक्कलदाढेची मुळे या नळीला टेकलेली असतात. जिभेची नस दाढेच्या आतल्या बाजूला, हिरडीखालीच असते. यांपैकी एखादी दुखावली तर ओठ, हनुवटी किंवा जिभेची अर्धी बाजू बधिर राहते, मुंग्या येतात, जिभेच्या बाबतीत चवही कमी होते. ओठ लुळा पडत नाही, कारण तो हलवणारी नस वेगळी आहे. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते. कायमची इजा शंभरात एकाहून कमी जणांना होते. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी मुळे नळीपासून किती दूर आहेत हे विचारून घ्यावे.

त्याचा पहिला अंदाज ओपीजी या पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर येतो. नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, नळी वळलेली दिसली किंवा मुळावर काळसर पट्टा दिसला, तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून घेतात. नस खरोखर चिकटून असेल तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळे हाडातच ठेवण्याचा पर्याय असतो. मुळांना जंतुसंसर्ग असेल किंवा ती हलत असतील तर मात्र तो चालत नाही.

"भूल लागत नाही, जबडा फोडतात"

सर्रास वापरले जाणारे औषध म्हणजे २ टक्के लिग्नोकेन, त्यात ८०,००० भागांस १ या प्रमाणात अ‍ॅड्रेनलिन. अ‍ॅड्रेनलिनमुळे रक्तस्राव कमी होतो आणि भूल जास्त वेळ टिकते. एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या तयार नळीत, १.८ मिलिलिटर औषध असते. खालच्या दाढेला बहुधा एक ते दोन लागतात. काही मिनिटांत अर्धा ओठ जाड वाटू लागतो. तो वाटला नाही तर औषध योग्य जागी पोचलेले नाही. तसे स्पष्ट सांगावे आणि पुन्हा भूल घ्यावी.

या विधानात एक खरा धागा आहे. पू झालेल्या, सुजलेल्या जागेतील ऊतक आम्लधर्मी होते आणि अशा ठिकाणी भुलीचे औषध नसेत कमी शिरते. म्हणूनच शक्य असेल तेव्हा आधी संसर्ग शांत करून मग दाढ काढतात.

हाड फोडत नाहीत. हिरडीला छेद देऊन ती बाजूला करतात, बर या बारीक फिरत्या टोकाने, सलाइनची धार सोडत, दाढेभोवतीचे थोडेसे हाड घासून खाच करतात. मग दाढेचेच दोन-तीन तुकडे करतात. तुकडे लहान निघाले की हाड कमी काढावे लागते. अडकलेल्या खालच्या दाढेला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. सरळ उगवलेली वरची दाढ काही मिनिटांत निघते. भुलीत वेदना बंद होते, दाब मात्र कळतो आणि बरचा आवाज हाडातून थेट कानात येतो. घाबरणारा माणूस या दाबालाच दुखणे समजतो. टोचल्यासारखी तीक्ष्ण कळ आली तर ती सहन करायची नसते. हात वर करावा.

"गाल बसतात"

नाही. अक्कलदाढ इतकी मागे असते की गालाचा उभार तिच्यावर टेकलेला नसतो. सूज उतरल्यावर चेहरा आधीच्या मानाने बारीक भासतो, इतकेच.

"लगेच गुळण्या करा, खराब रक्त थुंका"

दाढेच्या खड्ड्यात जमलेल्या रक्ताची गुठळी म्हणजे घाण नव्हे. तीच उघड्या हाडावरचे झाकण असते आणि तिच्यातूनच पुढे नवे ऊतक तयार होते. गुळण्यांचा जोर, थुंकण्याचा झटका, स्ट्रॉने ओढणे, सिगारेटचा झुरका, यांतले काहीही तिला हलवू शकते.

गुठळी गेली किंवा विरघळली की ड्राय सॉकेट होतो. ओळखायची खूण अशी: पहिले दोन दिवस दुखणे कमी होत जाते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक वाढते. कळ कानापर्यंत जाते, तोंडाला वास येतो, गोळीने फारसा फरक पडत नाही. खालच्या अक्कलदाढेत आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे जास्त होते. उपाय म्हणजे दवाखान्यात सलाइनने खड्डा धुऊन औषधी पट्टी ठेवणे, गरजेप्रमाणे ती बदलणे. आठवडा-दहा दिवसांत ते शमते.

मग करायचे काय? गॉजची घडी ३० ते ४५ मिनिटे घट्ट दाबून धरावी, मधे उघडून पाहू नये. थुंकीत गुलाबी झाक दिवसभर राहते, ती गिळावी. रक्त वाहतच राहिले तर नवा ओला गॉज आणखी अर्धा तास दाबावा. त्यानेही थांबले नाही तर फोन करावा. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, कापडात गुंडाळून, १५-२० मिनिटे लावावा, तितकाच वेळ थांबावे, पुन्हा लावावा. २४ तासांनंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ नुसती तोंडात फिरवावी आणि ओघळू द्यावी. म्हणजे मिठाचे पाणी बरोबरच आहे. मेसेजने एक दिवस घाई केली आणि त्यात जोर घातला. वरची दाढ काढली असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नये आणि शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, कारण तिची मुळे सायनसच्या, म्हणजे नाकाला जोडलेल्या गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाला लागून असतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. दातखीळ बसल्यासारखे तोंड कमी उघडणेही आठवडाभर चालते. नेमके तेव्हाच लोकांना काहीतरी बिघडले असे वाटते. सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत गेली किंवा ताप आला, तर मात्र खरेच बिघडले आहे.

"अँटिबायोटिक आणि लवंगेचे तेल पुरते"

अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचा पदर असतो. त्याच्या खाली अन्न अडकते, जंतू वाढतात, पदर सुजतो, त्यावर वरची दाढ चावते आणि तो आणखी सुजतो. अँटिबायोटिकने उठाव दबतो, पण पदराखालची पोकळी तशीच राहते आणि काही महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. पदराखाली सलाइनने धुणे हे पहिले काम. ताप, गालावर पसरणारी सूज किंवा तोंड न उघडणे असेल तर अँटिबायोटिक, तेही तपासून.

लवंगेच्या तेलातले युजेनॉल वेदना तात्पुरती बधिर करते. ड्राय सॉकेटच्या पट्टीतही बऱ्याचदा तेच असते. पण निखळ तेलाने हिरडी भाजते आणि कीड जिथल्या तिथे राहते. हनुवटीखाली ताठ सूज, गिळता न येणे, जीभ वर उचलली जाणे किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काहीही दिसले तर तेल, गोळी आणि वाट पाहणे तिन्ही सोडून थेट रुग्णालयात जावे.

"कधीही काढू नका"

"कधीही" हा शब्द सोडला तर यात अर्धे सत्य आहे. रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली मार्गदर्शनात म्हटले. पुढचे दात वाकडे होतील म्हणून दाढ काढा, हा या मेसेजचा उलटा भाऊ. त्यालाही आधार नाही. अक्कलदाढा मुळातच नसलेल्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटतात.

काढायची ती पदर पुन्हा पुन्हा सुजत असेल, भरता न येणारी कीड असेल, गाठ असेल किंवा शेजारच्या दाढेला धोका असेल तेव्हा. हा शेवटचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. पुढे कललेली अक्कलदाढ शेजारच्या चांगल्या दाढेच्या पाठीत रुतते आणि त्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथली कीड बराच काळ दुखत नाही, आरशात दिसत नाही. एक्स-रेवरच कळते, आणि उशीर झाला तर एकाऐवजी दोन दाढा काढाव्या लागतात.